दोन्ही नळांना कढत

मी हनमंत. गाव आमचं माण तालुक्यात, जिल्हा सातारा, म्हंजी जितं पाऊस पत्ता इचारत येतो आन् घर घावलं न्हाई म्हनून माघारी जातो, त्यो मुलूख. आन् काय सांगू तुमाला ताई, असल्या गावातला मानूस शिकला काय, तर नळाचं काम. दहिवडीला शिकलो, पाइप कापायचा, आटं पाडायचं, जोडायचं, आन् आई माजी म्हनायची, आरं हन्म्या, गावात नळाला आठ आठ दिस पानी न्हाई आन् तू नळ जोडीत फिरतोस, म्हंजी आंधळ्याला आरसा इकल्यागत झालं. खरंच बोलली म्हातारी. पन त्या नळानंच मला हितं आनलं. लगीन झालं, लेक झाली, लेक रांगाय लागली तवा मी कतारला आलो आन् लेकीचं लगीन झालं तवाबी मी कतारलाच हुतो, लग्नाला सुट्टी काढून गेलो, अक्षता टाकल्या आन् हळद निघायच्या आत परत. असा आमचा परपंच. बायको तिकडं, मी हितं, मदी फोन.

पयल्यांदा मी मेसईदला लागलो, पाइप फिटर म्हनून, आन् ऱ्हायला बिरकत अल अवामेरला, कंपनीच्या खोलीत. पयला मे म्हयना आला आन् मी ड्यूटीवरनं येऊन न्हाणीत गेलो, गार पान्याचा नळ सोडला, आन् असा वरडलो असा वरडलो की शेजारच्या खोलीतली मानसं धावली. पानी कढत! निळ्या नळाला कढत! तितं आमच्यात इकबालभाई म्हनून रत्नागिरीचं क्लार्क हुतं, लई भला मानूस, त्यो दारात उभा ऱ्हाऊन हसतोय. बोलला, अरे खुळ्या, निळ्याखाली कशाला बसलास, उन्हाळा लागला ना, तांबड्याखाली बस. मला वाटलं चेष्टा करतोय. पन तांबडा नळ सोडला तर गार पानी.

आता तुमी दोहात ऱ्हाता, तुमाला म्हाईत हाय, पन गावाकडं सांगितलं तर लोक मला याडा म्हनतात. हितं पान्याची टाकी छपरावर, दिसभर उन्हात, म्हनून टाकीचं पानी तापतं आन् गार नळाला कढत येतं. आन् ग्यासर असतो आत न्हाणीत, एसीच्या गारव्यात. उन्हाळ्यात ग्यासरचं बटन बंद ठेवायचं, त्याच्या पोटात पानी पडून पडून गार हुतं, म्हनून गरम नळाला गार. थंडी आली की बटन चालू करायचं, मंग पुन्हा निळा त्यो निळा आन् तांबडा त्यो तांबडा. समदा देश असाच आंघोळ करतोय. उलटी दुनिया, पन चालती.

कंपनीचं काम संपलं तवा इकबालभाईच्या वळखीनं मला हा मजरा मिळाला. मजरा म्हंजी हितल्या लोकांचं शेत, दोहाच्या भाईर, खजुराची झाडं, वाईच भाजीपाला, शेरडं, आन् कोंबड्या. मालकीन येक म्हातारी कतारी बाई, आमी तिला मदाम म्हनतो. दर शुक्रवारी येती, बाकड्यावर बसती आन् पयलं काम काय, तर कोंबड्या बघनार. पांढऱ्या कोंबड्या, मानंवर काळं ठिपकं. ही जात तिच्या आईच्या घरातली. आईनं लग्नात चार कोंबड्या दिल्या हुत्या म्हनं, त्यांच्या अंड्यांची पिल्लं, त्यांची पिल्लं, असं करत करत हितवर आलेल्या. आपल्याकडं बाई माहेरची तुळस लावती, तसं. मदाम मला पयल्या दिशी म्हनली, हनमान, झाडं वाळली तर मी पुन्हा लावीन, ह्या गेल्या तर मला पुन्हा मिळायच्या न्हाईत. हनमान म्हनती मला. म्हनू द्या.

आन् ताई, कोंबडीचं मरन हितं दान्यात न्हाई, पान्यात हाय. परवा मोबाइलवर येक गोरा मानूस बघितला, गुडघाभर बर्फात उभा, कोंबड्यांचं पानी गोठू ने म्हनून काय करायचं ते सांगत हुता. भांड्याखाली हीटर ठेवायचा, वायर वर टांगायची, का तर कोंबडी चोच मारती आन् पानी सांडलं की शॉक बसतो, भुसा लांब ठेवायचा, न्हाईतर आग. लई काळजीनं सांगत हुता बिचारा. मी म्हनलं, बाबा, तुजं नि माजं दुखनं येकच हाय, तू गोठायचं वाचवतोस, मी उकळायचं. कोंबडीला घाम येत न्हाई. ती चोच उघडून धापती आन् पानी पिती, पानी पिती आन् धापती, एवढ्यावरच तिचा उन्हाळा. आन् पानी कढत असलं की ती पीतच न्हाई. चोच लावती, मान झाडती आन् बाजूला जाती. पान्याच्या कडंला बसून तहानेनं मरती.

तर मी काय केलं, मला आपलं ग्यासरचं इंगित म्हाईत. माज्या खोलीच्या भिंतीपलीकडंच कोंबड्यांचं घर. म्या ग्यासरच्या तोंडाला येक जादा पाइप जोडला, भिंतीतनं आरपार काढला, पलीकडं बारकं बारकं प्लास्टिकचं कप बसवलं, कोंबडीनं चोच लावली की कपात पानी उतरतं. दोन कॉक ठेवलं. येक छपरावरच्या टाकीचा, येक ग्यासरचा. थंडीत टाकीचा कॉक चालू, उन्हाळ्यात ग्यासरचा. उन्हाळ्यात जगाच्या कोंबड्या कढत पानी बघून मान झाडत्यात आन् माज्या कोंबड्या एसीतलं पानी पित्यात. शेजारच्या मजऱ्यावरचं लोक बघाय यायचं. मदाम तर एवढी खूश झाली, तिनं आपल्या समद्या भनींना आनून दाखवलं. मला बी लई ताठा आला हुता, खोटं कशाला बोलू. दुष्काळातल्या पोरानं वाळवंटात कोंबड्यांना गार पानी पाजलं म्हनून.

आता शालनचं सांगतो. शालन माजी बायको. तिला कोंबड्यांचं याड. लग्नात माहेरनं भांडी आनली ती आनली, वर येक डालगं आन् त्यात तीन कोंबड्या. माज्या आईला राग आला, म्हनली, सून आली का कोंबडवाली? पन पुढं त्याच कोंबड्यांची अंडी खाऊन म्हातारी म्हातारपनी उभी ऱ्हायली. आमच्याकडं थंडी लई, माळावरचा वारा, पहाटं पान्यात हात घालवत न्हाई. तर शालन उठून आधी चूल पेटवनार, पानी तापवनार आन् कोंबड्यांना कोमट करून देनार. मानसांचा चहा मागनं. आन् कोमट म्हंजी कसं, कढत पान्यात इसान घालायचं. इसान म्हाईत हाय न्हवं तुमाला? कढत पान्यात वतायचं गार पानी. हल्लीच्या पोरींना ह्यो शब्दच म्हाईत न्हाई, त्यांना मिक्सर नळ लागतो. तर इसान घालायचं आन् कोपर बुडवून बघायचं, लेकराच्या आंघोळीला बघतात तसं. कोंबडीच्या पान्यात कोपर! मी चेष्टा करायचो, आगं तिला उटनं बी लाव.

मदामनंच इशय काढला. म्हनली, हनमान, तू म्हनतोस तुजी बायको कोंबड्या पाळती, तिला आन की हितं, बघू दे माज्या कोंबड्या. मला वाटलं आसंच बोलाय बोलती. पन तिनं पोराला सांगितलं, कागद झालं, आन् दिवाळी झाल्यावर शालन आली. इमानतळावर मी उभा, ती नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घट्ट धरून भाईर आली. पिशवीत काय, तर हळकुंडं, लसनाची माळ आन् बाजरी. बाजरी कुनाला, तर कोंबड्यांना.

आवं ताई, खरं सांगू का, आमचं लगीन होऊन लेकीचं लगीन झालं, पन आमचा संसार असा त्यो येकच हिवाळा. त्याच्या आधी समदं सुट्टीतलं. सुट्टीत मानूस पावना असतो, त्येला गोड करून घालतात, त्येच्यावर कुनी रागवत बी न्हाई. हितं ती माज्यावर रागवाय लागली, आवं चपला कुठं काढल्या, आवं किती तो चहा, आन् मला एवढं बरं वाटायचं. सुट्टीच्या दिशी एशियन टाउनला गेलो, तिनं तवा घेतला, पोळपाट घेतलं, मला म्हनली, आता ह्यो संसार कुनाचा, तिकडचा का हितला? मी म्हनलं, दोन्हीकडचा. सिनेमाची तिकिटं काढली, तर ती मदीच झोपली आन् घरी आल्यावर म्हनली, लई गार हवा हुती तितं, माज्या कोंबड्यांना तसली हवा पायजे. माज्या कोंबड्या म्हनली. आल्यापासून पंधरा दिस झालं न्हवतं.

आन् मदामचं आन् तिचं काय जमलं! मदामला मराठी न्हाई, शालनला अरबी न्हाई, हिंदी बी धड न्हाई. शुक्रवारी दोघी बाकड्यावर, ही मराठीत बोलती, ती अरबीत बोलती, आन् मदी कोंबडी. कुठली खुडूक बसली, कुठली अंडं लपवती, समदं त्यांना कळायचं, मी दुभाष्या म्हनून मदी उभा ऱ्हायलो तर दोघी मला घालवून द्यायच्या, यल्ला यल्ला हनमान. मदामनं तिला काळी शाल दिली, शालननं मदामला बाजरीची भाकरी खायाला घातली. थंडीत ती ग्यासर चालू करून बादलीभर कढत पानी घ्यायची, निळ्या नळाचं इसान घालायची, कोंबड्यांना कोमट करून पराती ठेवायची. थंडीत कप टाकीवर असत्यात, त्यामुळं ग्यासर चालू असला तरी कपाला काय हुत न्हाई. असा त्यो हिवाळा गेला. मार्चात मदाम म्हनली, शालन आता जायची न्हाई. हितंच ऱ्हाईल, कोंबड्या तिच्याकडं, मी माज्या पोराला सांगून कायमचं कागद करते. इन्शाल्ला उन्हाळ्यानंतर समदं पक्कं. त्या दिशी शालननं अंगनात तुळशीसाठी कट्टा बांधा म्हनून माज्या मागं लकडा लावला. मी इटा आनल्या. तुमी येताना खजुराखाली इटांचा ढीग बघितला असंल. त्योच.

एप्रिल सरला, ऊन पेटलं, मी कॉक फिरवला. टाकी बंद, कोंबड्या ग्यासरवर. बटन बंद केलं आन् शालनला सांगितलं, आता ग्यासर चालू ठेवायचा न्हाई बरं का, कोंबड्या ह्येच पानी पित्यात. ती बरं म्हनली. मी सांगितलं, तिनं आयकलं, आन् आयकलं ते पाळलं बी. तितंच तर समदं हाय, ताई. तिनं काय मोडलं न्हाई.

मे म्हयन्यात मदामच्या दोहाच्या घरी पाइप फुटला, ड्रायव्हर सकाळीच मला घ्याय आला. जाताना मी शालनला म्हनलं, दुपारी भाईर पडू नको, चक्कर येऊन पडशील, एसीत बस. आन् मी गेलो. मी गेल्यावर तिनं बघितलं तर येक कोंबडी शिंकतीया. वाकडी. तुरा वाकडा म्हनून शालननंच तिचं नाव ठिवल्यालं. आता आमच्याकडं कोंबडी शिंकली की बाया घाबरतात. येक शिंकली की समदं खुराडं बसतं, दोन दिसात अंगन मोकळं. म्हनून रीत काय, तर आजारी कोंबडी लगीच बाजूला काढायची, तिला हळदीचं पानी पाजायचं, आन् ती बसत हुती ती जागा कढत पान्यानं धुऊन काढायची. रोग मरायला पानी कढतच लागतं. तर तिनं वाकडीला खोलीत आनली, डालग्याखाली ठिवली, वाटीत हळदीचं पानी दिलं. आन् ग्यासरचं बटन दाबलं. बादल्या भरभरून कढत पानी नेलं आन् त्यो समदा कोपरा घासून घासून धुतला, बाकीच्या जगाव्यात म्हनून. आन् काम झाल्या झाल्या बटन बंद केलं. म्या सांगितलं हुतं न्हवं, चालू ठेवायचा न्हाई. तिनं चालू ठिवला न्हाई.

पन ग्यासर चुलीसारखा न्हाई की जाळ काढला आन् गार झाला. त्येला आतनं जाड अस्तर असतं, बंद केला तरी दिसभर गरमी पोटात धरून बसतो. त्येचं कामच ते. आन् कोंबड्यांचा पाइप त्येच्याच तोंडाला.

ती सकाळी येकदा बघून आली. कप भरल्यालं दिसलं. पानी हाय, कोंबड्या हायत, तिला वाटलं पिऊन झाल्या असतील. कपातलं पानी डोळ्यांना सारखंच दिसतं, कढत असो का गार. मंग ऊन चढलं आन् ती मी सांगितल्यापरमानं एसीत बसली, वाकडीजवळ, चमच्या चमच्यानं तिला पाजत. असरची, तिसऱ्या पारची बांग झाली तवा भाईर गेली. तर कोंबड्या आडव्या. काही चोच उघडून, काही कपाच्या खालीच. तिनं कपात बोट घातलं, तर पानी कढत.

म्हनली, मी धावले इसान आनाया. पळत जाऊन निळा नळ सोडला, तर कढत. तांबडा सोडला, तर कढत. दुपारभर छपरावर टाकी तापल्याली, आत ग्यासर तापल्याला. म्हनली, आवं दोन्ही नळांना कढत, मी इसान आनू कुठनं? हे ती मला त्या दिशी सांगत हुती आन् मंग किती तरी दिस, मदीच, भाकरी थापताना, मदीच, दोन्ही नळांना कढत हुतं वो. आमच्याकडं किती बी दुष्काळ असू द्या, रांजनात तांब्याभर गार असतंच. हितं पान्याची कमी न्हवती, धोधो पानी हुतं, पन गार म्हनून थेंब न्हाई. मंग तिनं फ्रिज उघडला, बाटल्या आनल्या, बर्फ आनला, पदर भिजवून येकेकीच्या डोक्यावर पिळला, येकेकीची चोच उघडून पानी सोडलं. त्यातल्या काही उठल्या. निम्म्याच्या वर गेल्या.

मी आलो तवा अंधार पडत हुता. ती भुईवर बसल्याली, पदर वला, आन् समोर मेलेल्या कोंबड्या वळीनं मांडलेल्या, माना सरळ करून. मला बघून रडली न्हाई. इचारलं, बटन तर बंद केल्यालं, मंग पानी कढत कसं झालं?  ग्यासरजवळ गेलो, हात लावला, आन् समजलो. तिला सांगायला लागलंच न्हाई. ती माज्या हाताकडंच बघत हुती, बंद केल्याला ग्यासर आजून तापल्यालाच हाय ते तिनं डोळ्यांनीच ताडलं. म्हनली, म्हंजी मीच.

मी म्हनलं, आगं न्हाई. तू बंद केल्यालास की. मी म्हनलं, पाइपाचं असंच असतं, कुनाच्या बी हातनं झालं असतं. कोंबडी शिंकली नसती तर हे झालं नसतं, दोहाचा पाइप फुटला नसता तर हे झालं नसतं. किती सांगितलं. पन सांगून उतरनारी गोष्ट न्हवती ती. ज्या हातानं बाजरी टाकली त्याच हातानं मी त्यांचं पानी तोडलं, एवढंच तिचं.

दुसऱ्या दिशी मदाम आली. मला वाटलं आता वरडंल, घालवून दील. पन बाई शालनच्या शेजारी भुईवर बसली, एवढी मोठी घरंदाज बाई, मातीत बसली, तिचा हात आपल्या हातात घेतला आन् म्हनली, खलास, बिनती, खलास. बिनती म्हंजी माजी लेक. ज्यानं दिल्या त्यानं नेल्या, म्हनली. डोळ्यात पानी, पन तोंडातनं वाकडा शब्द न्हाई. आन् जाताना मला म्हनली, कागद थांबवू नको, तिला ऱ्हाऊ दे, उरल्यात त्या कोंबड्या तिच्याच.

आन् शालन म्हनली, मला घरी पाठवा.

मी हात जोडलं. बायकोपुढं हात जोडल्यालं मला सांगायला लाज वाटत न्हाई. म्हनलं, आगं कधी न्हाई तो संसार मिळालाय, तुळशीला इटा आनल्यात, मदाम काही बोलली न्हाई, मी काही बोललो न्हाई, मंग का? ती काय म्हनली आयका. म्हनली, तुमी बोलला असता तर ऱ्हायले असते. त्या बाईनं मला शिव्या घातल्या असत्या, दोन दिस उपाशी ठिवलं असतं, तर मी फेडून टाकलं असतं आन् ऱ्हायले असते. ती मला लेक म्हनली वो. आता मी रोज तिच्या तोंडाकडं कशी बघू? तिच्या आईची कोंबडी हुती ती.

  द्येव देतं आन् करम नेतं म्हनतात, पन करम वाईट मानसाच्या हातनं नेत असतं तर समजलं असतं. तिनं रोग हटवायला पानी तापवलं, मदाम तिला मायेनं लेक म्हनली, मी तिला उन्हाची काळजी म्हनून एसीत बसवलं. तिघांनी बी चांगलंच केलं आन् संसार मोडला. जूनच्या आत ती गेली. तवा घेऊन गेली, पोळपाट ठिवून गेली.

ती गेल्यावर मी पयलं काम काय केलं, तर त्यो पाइप कापला. ग्यासरचा कोंबड्यांशी संबंधच ठिवला न्हाई. खजुराखाली सावलीत खड्डा खनला, त्यात पान्याचा ड्रम पुरला, वरनं पोती, पोती सारखी वली ठेवायची, पाइप बी मातीखालनं. आता कुनी काही चालू करा, काही बंद करा, कोंबड्यांचं पानी गारच. लई सोपं काम हुतं. दोन दिसाचं. आन् दर खेपंला पोती भिजवताना मनात येतंच, आधी का सुचलं न्हाई. कपात बोट घालून बघतो, गार लागतं, आन् त्या गारपनाचाच राग येतो.

कोंबड्या पुन्हा वाढल्या. मदामच्या आईची जात टिकली, कशी टिकली म्हाईत हाय का? उरलेल्या हुत्याच, पन खरी वाकडीमुळं. ती खोलीत डालग्याखाली हुती, हळदीचं पानी पीत, ती वाचली. शिंक बी गेली. तिच्या अंड्यांची ही निम्मी फौज. समदी फौज वाचवायला जिला बाजूला काढली, तिच्याच पोटातनं ही फौज. आता वाकडी म्हातारी झालीया, अंडी देत न्हाई, येका डोळ्यानं दिसत न्हाई, माज्या खोलीतच असती. मदाम शुक्रवारी येती, आता काठी टेकत येती, आधी इचारती, शालन कशी हाय? आन् शालनचा फोन आला की ती आधी इचारती, वाकडी हाय का? मी कसा हाय ते त्या दोघी बी इचारत न्हाईत. चालायचंच.

तुमी मगाशी इचारलं, परत का जात न्हाई गावाला. दरसाली म्हनतो पुढच्या दिवाळीला जायाचं. मदाम म्हनती, मी हाय तवर थांब. आन् जाऊन तरी काय, एवढी वर्सं लांब ऱ्हायलेला मानूस घरात ठेवल्यावर फुटक्या माठागत असतो, टाकवत बी न्हाई आन् पानी बी भरवत न्हाई.

ह्या थंडीतलं सांगतो आन् थांबतो, तुमचा बी येळ झाला. सकाळचं हितं नुकतं फटफटल्यालं, तिकडं ऊन वर आल्यालं. शालनचा फोन, त्यो तोंड दिसतं तसला. चुलीपुढं बसल्याली, काळी शाल, तीच, मदामची. म्हनली, वाकडी हाय का? मी मांडीवर घेतल्याली दाखवली. तिनं लई येळ बघितलं. मंग म्हनली, थंडी पडली का वो तिकडं? मी म्हनलं, वाईच. म्हनली, मंग तिला कोमट द्या. ताई, गेल्यापासनं पयल्यांदा तिच्या तोंडातनं ह्यो शब्द आला. मला धीर आला. मी म्हनलं, आगं मंग तूच ये की द्यायला. कट्ट्याच्या इटा तशाच पडल्यात.

ती म्हनली, हितं माज्या कोंबड्यांच्या पान्याचं कोन बघंल? तुमीच या. मी म्हनलं, आन् हितल्या कोंबड्यांच्या पान्याचं कोन बघंल? आन् ती हसली. लई वर्सांनी हसली, पदर तोंडाला लावून. मी बी हसलो.  तिच्या मागं चुलीवर पानी खळखळत हुतं ते मला हितं आयकू येत हुतं.

मंग म्हनली, थांबा, लई कढत झालं, इसान घालते. फोन तिनं भुईवर ठिवला, मला नुसतं छपराचं पत्रं दिसत हुतं. पान्यात पानी वतल्याचा आवाज आला. फोन काही ती लगीच उचलंना. मी वाकडीला धरून तसाच बसलो. मला म्हाईत हुतं ती काय करती. कोपर बुडवून बसली हुती, खातरी हुईस्तवर.